सेगावची पत्रं

"मॅडम, आपल्या लायब्ररीत पराटीचं एकही पुस्तक नाही जी."

आठवीतला मुलगा होता. विज्ञानाच्या प्रकल्पासाठी त्याला बोंडअळीची माहिती हवी होती. ग्रंथालयातला संगणक नुकताच सुरू झाला होता आणि पोरं रांग लावून त्यावर पुस्तकं शोधत होती. त्याने एका बोटाने एकेक अक्षर हुडकत 'पराटी' लिहिलं, कळ दाबली, आणि पडद्यावर उत्तर आलं की असं काही नाही. त्याच्या पाठीमागे, हात लांबवला तर लागेल अशा कपाटात, कापसावरची अकरा पुस्तकं उभी होती. त्यांची नोंद मीच केली होती. विषयाच्या रकान्यात मीच लिहिलं होतं, 'कापूस : लागवड' आणि 'कापूस : रोग व कीड'.

"कापूस लिहून बघ," मी म्हटलं. त्याने लिहिलं. अकरा नावं सरसर खाली उतरली. त्याचं समाधान काही झालं नाही. तो म्हणाला, "कापूस त वेचल्यावर होते ना मॅडम. वावरात पराटीच असते."

त्याचं म्हणणं खरं होतं. मी याच वर्धा जिल्ह्यात वाढले. वडिलांच्या तोंडी पराटीच होती. पराटीला डवरा द्यायचा, पराटी उपटायची, कापूस मात्र वेचायचा आणि विकायचा. मग नोंद करताना माझ्या हातून तो शब्द का सुटला? तोवर ऑनलाइन साधनं शिकायला लागून मला दोन वर्षं झाली होती. कळा, खिडक्या, पासवर्ड, सगळं जमत होतं. त्या दिवशी सुटीची घंटा झाल्यावर मी त्या कपाटाशी बराच वेळ बसून राहिले.

मी सेलू तालुक्यातल्या एका अनुदानित शाळेत ग्रंथपाल आहे. पुस्तकं सहा हजारांच्या वर. सगळ्यात जुनी दाखल नोंदवही लाल कापडी बांधणीची, तिच्या शेऱ्याच्या रकान्यात 'गहाळ', 'वाळवी', 'बाद' असे शब्द निळ्या शाईत. माझ्याआधीच्या ग्रंथपाल गुरुजींनी लाकडी खणांची कार्ड-तालिका केली होती. त्यांच्या बारीक, टोकदार अक्षरात काही कार्डांवर पुस्तकाचं नावच नसायचं, नुसती दिशा असायची. 'कुसुमाग्रज' हे कार्ड काढलं तर त्यावर लिहिलेलं, 'शिरवाडकर, वि. वा. पाहा'. 'भावे, विनायक नरहरी' खाली 'विनोबा पाहा'. 'साने, पांडुरंग सदाशिव' खाली 'साने गुरुजी पाहा'. अशी चारशेच्या आसपास कार्डं असतील. नोकरीच्या सुरुवातीला मला वाटायचं, गुरुजींना हौस होती.

नागपूरला ग्रंथालयशास्त्र शिकताना रंगनाथनांचे १९३१चे पाच सिद्धान्त पाठ केले होते. चौथा सांगतो, वाचकाचा वेळ वाचवा. ते तर मी करतच होते. पोरगं दारात उभं राहून "मॅडम, ते निळ्या कव्हरचं, कुत्र्याचं" म्हणालं की मी उठून काढून द्यायचे. कार्डांचे खण हळूहळू कोणी उघडेनासं झालं, कारण तालिका माझ्या डोक्यात होती.

मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या आणि डोक्यातली तालिका डोक्यातच राहिली. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' अशी हाक आली. विषयशिक्षकांचे व्हॉट्सॲप गट झाले, स्वाध्याय जाऊ लागले. ग्रंथपालाने काय करावं हे कोणी सांगितलं नव्हतं. मी शोधू लागले. बालभारतीने 'किशोर' मासिकाचे १९७१पासूनचे जुने अंक संकेतस्थळावर खुले केले होते. मराठी विश्वकोश घरबसल्या चाळता येत होता. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी चित्रकथा मोकळेपणाने उतरवून घेता येत होत्या. मी रोज एक गोष्ट पाठवू लागले, तीही रात्री आठनंतर, कारण दिवसभर फोन बापासोबत वावरात असायचा. एकदा 'किशोर'चा जुना अंक पाठवला, तर एका मुलीच्या आईचा आवाजी निरोप आला: हा अंक तिने पाचवीत असताना वाचला होता, मुखपृष्ठावरून ओळखला, आणि आता लेकीला तीच वाचून दाखवणार होती. तो निरोप मी किती वेळा ऐकला असेन.

त्याच दिवसांत शिक्षकांच्या गटांत कादंबऱ्यांच्या पीडीएफ फिरत होत्या, हयात लेखकांच्या, नुकत्याच छापलेल्या. "मॅडम, मुलांना पाठवा ना" असा आग्रह व्हायचा. मी पाठवल्या नाहीत. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क त्याच्या वारसांकडे राहतो. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, म्हणून २०११पासून 'श्यामची आई' कोणीही कोणालाही पाठवू शकतो; ती मी आनंदाने पाठवली. विनोबा १९८२मध्ये गेले, त्यांचं लेखन अजून खुलं नाही. पवनारच्या त्यांच्या आश्रमाशेजारून जाणाऱ्या आमच्या जिल्ह्यातल्या मुलांना हे सांगताना जीव थोडा खट्टू व्हायचा, पण पुस्तकावर जगणाऱ्या माणसाचा हक्क ग्रंथपालाने राखायचा नाही तर कोणी?

आता जे सांगायचं आहे ते मी फार थोड्या लोकांना सांगितलं आहे.

जुलैत मी पहिला गूगल फॉर्म केला. नाव, वर्ग, गाव, मोबाइल नंबर, कोणतं पुस्तक किंवा कोणत्या विषयाचं पुस्तक हवं. कल्पना अशी की मागणी आली की पिशवीत पुस्तकं भरायची आणि गाडीवरून गावोगाव नेऊन द्यायची. परत आलेली पुस्तकं तीन दिवस वेगळी ठेवायची. दोन दिवसांत साठाच्या वर मागण्या आल्या. सगळी उत्तरं आपोआप एका शीटमध्ये रांगेत येऊन बसतात याचं मला फार अप्रूप वाटलं. कोणाला कोणतं पुस्तक मिळणार हे सगळ्यांना कळावं, म्हणून मी शीटची लिंक गटात टाकली. परवानगीच्या चौकटीत 'लिंक असलेल्या कोणालाही पाहता येईल' हे निवडलं. मला ते उघड, स्वच्छ काम वाटलं.

नववीतल्या एका मुलीने लिहिलं होतं, 'पाळीची माहिती असलेलं पुस्तक'. तिचं नाव, गाव, घरचा नंबर आणि ही मागणी, सगळं एका ओळीत. संध्याकाळपर्यंत त्या ओळीचा फोटो मुलांच्या तीन गटांत फिरला होता. रात्री तिच्या आईचा फोन आला. माउली ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "मॅडम, पोरीनं तुमच्यावर भरोसा ठेवला होता."

लिंक मी त्याच मिनिटाला बंद केली, पण फिरलेला फोटो बंद करता येत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले, अंगणात उभं राहून माफी मागितली. मुलगी आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. शाळा पुन्हा भरली तेव्हा ती वर्गात यायची. ग्रंथालयाच्या दारावरून जाताना मान खाली घालायची. दहावी झाली आणि ती दुसऱ्या गावी शिकायला गेली. माझ्याकडून तिने पुन्हा पुस्तक नेलं नाही.

या गोष्टीवर मी पुष्कळ विचार केला आहे. देवघेवीची वही माझ्या टेबलावर वर्षानुवर्षं उघडी असायची आणि तिच्यामुळे कोणाची अब्रू कधी गेली नाही. कारण त्या वहीवर माझा हात असायचा. एखादी मुलगी तसलं पुस्तक मागायला आली की मी ते वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचे, वहीत नुसता दाखल क्रमांक लिहायचे, शीर्षकाचा रकाना मोकळा सोडायचे. हे मला कोणी शिकवलं नव्हतं आणि मी ते कधी नियम म्हणून मनात मांडलंही नव्हतं. हात आपोआप तसा चालायचा. फॉर्म करताना तो हात मध्ये नव्हता. जे मी न बोलता करत आले होते ते त्या चौकटीत बोलून, खूण करून सांगावं लागत होतं, आणि मी सांगितलं नाही.

२०२१च्या हिवाळ्यात वर्ध्याच्या एका महाविद्यालयातले ग्रंथपाल सर आम्हा पाच-सहा शाळांच्या ग्रंथपालांना दर रविवारी कोहा शिकवू लागले. न्यूझीलंडमधल्या एका लहान ग्रंथालयासाठी १९९९मध्ये लिहायला घेतलेली ही ग्रंथालयाची संगणक-प्रणाली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, आणि ती जगात कोणालाही फुकट वापरता येते. सरांनी पहिल्या दिवशी विचारलं, कोणाला काय शंका? मी विचारलं, "यात कोणी काय वाचलं ते कोणाकोणाला दिसतं?" सर क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले, मग त्यांनी एक पान उघडलं. पुस्तक परत आलं की त्या पुस्तकाचा आणि वाचकाचा संबंध पुसून टाकायची सोय त्यात आहे. आमच्या शाळेच्या जुन्या संगणकावर कोहा बसवलं तेव्हा एकही पुस्तक भरण्याआधी मी ती खूण केली.

मग पुस्तकं भरायची पाळी आली. सर म्हणाले होते, सगळं हाताने लिहायची गरज नाही, मोठ्या ग्रंथालयांच्या तयार नोंदी इंटरनेटवरून ओढून घेता येतात. मी 'श्यामची आई' घेऊन बसले. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयातून नोंद आली, अचूक आणि पूर्ण, पण सगळी रोमन अक्षरांत, डोक्यावर आडव्या रेघा आणि पायाशी टिंबं असलेली. वॉशिंग्टनच्या अभ्यासकाला ती पुरते. आमच्या सातवीच्या मुलीला श्यामची आई त्या रेघांमध्ये कशी सापडावी? ती नोंद खोडून मी पुन्हा देवनागरीत लिहिली, आणि पुढच्या बहुतेक मराठी पुस्तकांचं हेच झालं. दिवसाला वीस-बावीस पुस्तकं, तीही वीज असली तर.

अडलं ते एका अर्ध्या अक्षरावर. 'वऱ्हाड' लिहून शोधलं तर चार पुस्तकं यायची, आणि मला पक्कं ठाऊक होतं की मी सात भरली आहेत. नोंदी समोर उघडून पाहिल्या. सातही ठिकाणी 'वऱ्हाड' अगदी सारखं दिसत होतं, काना-मात्रेचा फरक नाही. दोन दिवस मी स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेतला. शेवटी सरांना फोन केला, त्यांनी विचारलं, "तीन नोंदी घरून भरल्या होत्या का?" होत्या. घरी मोबाइलवर, शाळेत कळफलकावर. वऱ्हाड, कैऱ्या, पऱ्हाटी यांत जो आडवा अर्धा र येतो तो संगणकात दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत खाली टिंब असलेला र आणि हलन्त. दुसरीत साधा र, हलन्त आणि पुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. कागदावर दोन्ही एकच. आमच्या संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द होते. 'ॲ'चंही तसंच निघालं. ॲन फ्रँकचं रोजनिशीचं पुस्तक निम्म्या वेळा सापडायचं, निम्म्या वेळा नाही, कारण ते अक्षर कोणी एका कळीने लिहितं, कोणी 'अ'वर चंद्र देऊन.

मी भिंतीवर एक कागद लावला: कोणता र, कोणता ॲ, 'पु. ल.'मध्ये टिंबानंतर मोकळी जागा सोडायची की नाही. सोडायची, असं ठरवलं. सगळ्या जुन्या नोंदी त्याप्रमाणे तपासल्या. या कामाला सव्वा महिना गेला आणि तो वाया गेला असं मला वाटत नाही.

आणि एवढं सगळं नेटकं केल्यानंतर तो मुलगा आला आणि त्याने 'पराटी' लिहिलं.

त्या संध्याकाळी कपाटाशी बसले असताना मला गुरुजींची ती चारशे कार्डं आठवली. एकाच गोष्टीला दोन नावं असतात, हे वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला तर कोणी शिकवायला नको होतं. गांधीजी १९३६मध्ये वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला आले. त्यांच्या नावाने येणारं टपाल बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावला जाऊन पडायचं. एका अक्षराचा फरक, आणि पत्रं दुसऱ्याच गावी. शेवटी १९४०मध्ये सेगावचं नावच बदलून सेवाग्राम झालं. आमच्याकडे गांधीजींवरच्या जुन्या पुस्तिका आहेत, त्यांच्या मुखपृष्ठावर सेगाव आहे. निबंधासाठी 'सेवाग्राम' शोधणाऱ्या मुलांना माझ्या संगणकाने त्या कधीच दाखवल्या नव्हत्या. म्हणजे मीही टपाल चुकीच्या गावी धाडत होते.

दुसऱ्या दिवशी मी लाकडी खण उघडले. वाळवीने कडा खाल्ल्या होत्या, पण कार्डं बहुतेक शाबूत होती. 'सेवाग्राम' आणि 'सेगाव', दोन्ही कार्डं होती, एकमेकांकडे बोट दाखवणारी. मग 'नई तालीम' काढलं. ऑक्टोबर १९३७मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि हाताच्या कामातून शिकवण्याची ती रीत इथून देशभर गेली. तिला किती नावं मिळाली पाहा: वर्धा योजना, बुनियादी शिक्षण, मूलोद्योग शिक्षण, जीवन शिक्षण, नई तालीम, आणि हिंदी पुस्तकांवर कुठे 'नयी' तालीम. आमच्या कपाटात या विषयाची एकोणीस पुस्तकं आहेत. माझ्या संगणकात ती पाच ठिकाणी विखुरली होती, एकाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता. गुरुजींच्या खणात प्रत्येक नावाचं कार्ड होतं आणि प्रत्येकावर 'पाहा'. ज्या माणसाने संगणक कधी हाताळला नाही, त्याने मला अडलेलं काम आधीच करून ठेवलं होतं.

त्या दिवाळीच्या सुटीत मी ती सगळी 'पाहा'ची कार्डं कोहामध्ये उतरवली. नावाची आणि विषयाची अशी जोडनोंद करायची सोय त्यात आहे, सरांनी ती शिकवलीही होती, पण तेव्हा मला ती कोरडी, परीक्षेपुरती वाटली होती. आता एकेक कार्ड हातात घेऊन भरताना गुरुजी शेजारी बसून सांगताहेत असं वाटायचं.

त्यांच्या कार्डांत पराटी मात्र नव्हती. गुरुजी पुण्याकडचे होते.

ते शब्द मुलांकडूनच यायला हवे होते. म्हणून मी संगणकाशेजारी दोरीला पेन बांधून एक शंभरपानी वही ठेवली. तिच्यावर लिहिलं, 'सापडलं नाही'. जे शोधलं आणि मिळालं नाही ते जसं लिहिलं तसं इथे लिहायचं. नाव घालायचं नाही, वर्गही नाही. सुरुवातीला कोणी लिहीना. मग मीच पहिल्या ओळीत 'पराटी' लिहिलं. आठवड्याभरात पान भरलं. 'शेवाग्राम'. 'मायवरची कविता', कारण आमच्याकडे आई ही माय असते आणि कवितासंग्रहांच्या नोंदीत मी 'आई' लिहिलं होतं. 'अब्दूल कलाम', ऊकार दीर्घ. 'तुकडोजी महाराज याहीचे भजन'. 'भुताचे खरे पुस्तक'. 'बाबा आमटे हिंगणघाट'. आमट्यांचा जन्म हिंगणघाटचा हे त्या पोराला ठाऊक होतं आणि माझ्या नोंदीत ते नव्हतं.

दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी वही घेऊन बसते आणि एकेक शब्द योग्य नोंदीला जोडते. चुकीचं शुद्धलेखनही जोडते. यावर एका शिक्षकमित्राने हरकत घेतली, अशाने मुलं अशुद्धच लिहितील. मला ते पटत नाही. मूल 'शेवाग्राम' लिहितं आणि पडद्यावर 'सेवाग्राम' असलेली सात पुस्तकं पाहतं. शुद्ध शब्द त्याच्या डोळ्यांसमोर त्याशिवाय कधी आला असता? पुस्तकाच्या दाराशी शुद्धलेखनाची परीक्षा घ्यायची मला गरज दिसत नाही. आत आलं की शिकेल.

पराटी जोडायला मला तीन मिनिटं लागली. पराटी, पऱ्हाटी, कपाशी, कापूस. तो आठवीतला मुलगा आता अकरावीत आहे.

मागच्या श्रावणात वहीच्या मधल्या एका पानावर, बाकीच्या ओळींपासून दूर, पेन्सिलीने फिकट लिहिलेलं सापडलं: 'पाळी'. अक्षर ओळखायचा प्रयत्न मी केला नाही. ते पुस्तक आमच्याकडे आहे. नोंदीत 'किशोरवयीन आरोग्य' असं होतं. मी शब्द जोडला. पण शोधून सापडलं तरी ते टेबलावर आणून, माझ्यासमोर ठेवून, नावावर करून न्यावं लागणार होतं. चार वर्षांपूर्वीची ती ओळ माझ्या डोळ्यांसमोर आली.

मी ते पुस्तक घेतलं, त्याला साधं खाकी कव्हर घातलं आणि दाराजवळच्या खालच्या कप्प्यात, जिथून माझं टेबल दिसत नाही, तिथे ठेवलं. वहीत त्या शब्दासमोर लिहिलं, 'दाराजवळ, खालचा कप्पा, खाकी. नोंद करायची गरज नाही.' हरवलं तर त्याची किंमत मी भरणार होते. हिशेबनिसाच्या दृष्टीने हे बरोबर नाही याची मला जाणीव आहे.

गुरुवारी कप्प्यातली ती जागा रिकामी होती. पुढच्या मंगळवारी पुस्तक परत तिथेच होतं, पाठ भिंतीकडे करून ठेवलेलं. शुक्रवारी जागा पुन्हा रिकामी झाली.